आनंदची हुकलेली घोड्याची चाल: पोरांना नेमकं शिकवायचं काय?

पटकरी, आर्वी
सोची (रशिया), १५ नोव्हेंबर २०१४. मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांच्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव, गुण २.५–२.५. २६व्या चालीला पांढऱ्या कार्लसननं राजा सी१ वरून डी२ वर आणला (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). ही घोडचूक होती. आनंदनं फार वेळ न घेता ए५ चं प्यादं ए४ वर सरकवलं आणि चालून आलेला डाव हातचा गेला. ३८ चालींत तो हरला.

पट मांडूनच बघा. पांढरे: राजा डी२, हत्ती जी४ व एच५, उंट सी२ व ई३, प्यादी ए२, सी३, सी४, ई५, एफ२, जी२. काळे: राजा बी७, हत्ती जी८ व एच८, उंट सी६, घोडा जी६, प्यादी ए५, बी६, सी५, ई६, एफ७, एच६.

आनंदला हवी होती ती चाल अशी: घोड्यानं ई५ चं प्यादं मारायचं. घोडा हलला की जी ची उभी रांग मोकळी होते आणि हत्तीसमोर हत्ती येतो. पांढऱ्या हत्तीनं जी८ चा हत्ती मारला तर लगेच परत मारायचं नाही, आधी घोड्यानं सी४ मारून शह द्यायचा. राजा डी३ वर येऊन घोड्याला धरतो, तर घोडा बी२ वर, पुन्हा शह. आता निवांत जी८ मारा. दोन प्यादी जास्त, शिवाय जी२ वर उंट आणि हत्ती दोघांचा जोर. पांढऱ्यानं ई५ वरचा घोडाच मारला, तर काळा हत्ती जी४ मारतो आणि तिथून सी४, जी२ दोन्हींवर बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांच्या बुद्धिबळ शिबिरात ‘काळ्याची चाल, काळा जिंकतो’ असं लिहून कोडी देणं थांबवा. असं लिहिलं की पाचवीतलं पोरगंही चाल शोधून काढतं. डावात हे कोणी कानात येऊन सांगत नाही. दर चालीला शह आणि मार मोजायची सवय लावा. इथं काळ्याकडे शह एकच, हत्ती डी८. मार दोन, घोड्यानं ई५ नाहीतर उंटानं जी२. तीनच चाली तपासायच्या होत्या.

मधला शह, दर्यापूर
सर, मोजणं मान्य, पण दुखणं तिथं नाही. पोरगं ई५ मोजतंच. पुढं हिशेब काय करतं? मी प्यादं घेतलं, त्यानं हत्ती घेतला, मी हत्ती घेतला, त्यानं ई५ वरचा घोडा घेतला. नंतर जी२ मिळालं तरी दोन प्याद्यांसाठी घोडा गेला. संपलं, चाल बाद. ‘मारलं की परत मारायचं’ ही खोड आपणच पहिल्या वर्षी लावतो. मधे शह घालता येतो हे वेगळं शिकवावं लागतं.

आणखी एक. राजा सी१ वर होता तोवर हीच चाल खरोखर तोट्याची होती, कारण सी४ वरून शहच बसत नव्हता. २४व्या आणि २५व्या चालीला उंट डी१ वर गेला नि सी२ वर परतला, काळा हत्ती डी८ वर गेला नि जी८ वर परतला. पट जसाच्या तसा. अशा वेळी एकदा बाद केलेली चाल डोकं पुन्हा उघडत नाही. चूक शह-मार मोजण्याची नाही, जुन्या निकालाची आहे.

उभं प्यादं, घाटंजी
भाऊ, तुमचं दोघायचं खरं हाये, पण घड्याळाचं कोनी बोलून नाही राह्यलं. सोचीत ४० चालींले १२० मिनिटं होते. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत १५ मिनिटं नि चालीमागं ५ सेकंद. ४० चाली धरा, एका चालीले साडेसत्तावीस सेकंद. त्यात दर चालीले सारे शह, सारे मार मोजले, तं पोट्ट्याचं घड्याळ तिसाव्या चालीलेच पडते. जॉर्जियातल्या बाटुमीत २०२५ च्या महिला विश्वचषकात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीले हरवलं, थे बरोबरी फोडनाऱ्या जलद डावाइतच (टायब्रेक). वेळ वाचवनं बी शिकवाच लागते. म्हनून म्या म्हंतो, मोजनी रोजची नको. समोरच्यानं राजा हलवला, नाहीतर जोर देनारा मोहरा हलवला, तवाच मोजा.

पटकरी, आर्वी
घाटंजीच्या भाऊंची अट मला पटली, ती घेतो. मोजणी मात्र सोडणार नाही. कार्लसननं राजाच हलवला होता, म्हणजे तुमच्याच अटीत आनंदला थांबावं लागलं असतं. शिवाय तीन चाली मोजायला साडेसत्तावीस सेकंद पुरतात. दर्यापूरवाले म्हणतात तो मधे शह घालायचा धडा मी दुसऱ्या वर्षी घेईन. आधी पोरगं ई५ कडे बघायला तरी लागू दे.

मधला शह, दर्यापूर
नाही पटत. बघितलं आणि बाद केलं, तर न बघितल्यात जमा. दुसऱ्या वर्षापर्यंत खोड पक्की होते. एक करून बघा. हाच पट तीन कागदांवर छापा, फरक फक्त पांढऱ्या राजाचा: सी१, डी१, डी२. वर ‘काळा जिंकतो’ लिहू नका, इतकं तुमचं मान्य. तिन्ही कागद इतर सात पटांत मिसळून द्या आणि उत्तरात चालीसोबत कारणही लिहायला लावा. डी२ च्या कागदावर ‘सी४ वर शह’ हे शब्द आले, तरच पूर्ण गुण.