रि: बॅटरी केजमधल्या कोंबड्या घरी आणायच्यात, कोणाला अनुभव?

प्रेषक: निखिल

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाचा मेल नाहीये हे आधीच सांगतो, ज्यांना इंटरेस्ट नाही त्यांनी डिलीट मारा. एक रेस्क्यू ग्रुप आहे, ते अंड्यांच्या फार्मवर बॅटरी केजमध्ये (तारेच्या छोट्या पिंजऱ्यांच्या रांगांत) ठेवलेल्या आणि "वापरून झालेल्या" कोंबड्या कत्तलखान्यात जायच्या आधी सोडवतात आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना देतात. पोरं हात धुऊन मागे लागलीत, मागचं अंगण नाहीतरी नुसतं गवत कापायलाच आहे, बायको म्हणते आण पण साफसफाई मी करणार नाही. चार आणाव्यात असं चाललंय. अजून अंडी देतात का त्या? खर्च वसूल होतो का? आरवून शेजारी तक्रार करतील का? आणि महिनाभर सुट्टीवर गेलो तर काय? लिस्टवर कोणीतरी पाळल्यात असं ऐकलं होतं.

निखिल


प्रेषक: वैशाली

निखिल, मीच ती. आमच्याकडे आहेत, एखादी जाते, दोन नव्या येतात, असं चालू असतं.

पहिलं म्हणजे "खर्च वसूल" हे डोक्यातून काढ. अंडी देतात, नाही असं नाही, पण अंड्यांसाठी आणणार असशील तर आणूच नकोस, सहा महिन्यांत वैतागशील.

आता हे नीट वाच. या कोंबड्या साधारण १८-२० आठवड्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात आणि ७२ ते ८० आठवड्यांच्या आसपास फार्मवाले अख्खा लॉट काढतात, हल्ली काही ठिकाणी शंभरेक आठवड्यांपर्यंत ताणतात. म्हणजे तुझ्याकडे येणारी कोंबडी दीड-दोन वर्षांची असणार, म्हातारी नाही, फक्त अंड्यांचं प्रमाण उतरलेलं आणि कवच पातळ पडायला लागलेलं, मग फार्मवाल्याला नव्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) भरणं परवडतं. मूळ रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही उबवायला. ही बाई तीनशे घालते. एकेका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाण्यातून पुरलं नाही की ते तिच्या स्वतःच्या हाडांतून निघतं, त्यात पिंजऱ्यात हालचाल नाही, म्हणजे हाडं काडीसारखी होतात. म्हणून पोरांना पहिल्या दिवसापासून शिकव, पायाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हातांनी पंख अंगाला लावून खालून आधार देऊन उचलायचं. बसायची दांडी पण खाली, गुडघ्याच्याही खाली लाव, उंचावरून उडी मारली की छातीचं हाड मोडू शकतं.

दिसायला कशा असतात ते पोरांना आधी सांगून ठेव नाहीतर रडतील. मान उघडी, शेपटीकडचा भाग सोललेला, नखं वाढलेली, चोचीचं टोक कापलेलं (एकमेकींना टोचू नये म्हणून पिल्लू असतानाच कापतात) आणि तुरा हा एवढा मोठा, फिका, डोळ्यावर लोंबणारा. काही आठवड्यांत तुरा लाल व्हायला लागतो, नवीन पिसं पिनांसारखी वर येतात. त्या कोवळ्या पिसांत रक्त असतं, तेव्हा त्या दिवसांत फार हाताळू नका, दुखतं त्यांना.

पहिल्या काही रात्री त्या खुराड्यात जाणारच नाहीत. घरच्या कोंबड्या दिवेलागणीला आपोआप आत जातात, यांना दिवेलागणी म्हणजे काय हेच माहीत नसतं, फार्मवर दिवसाचे पंधरा-सोळा तास दिवे लावलेले असतात. संध्याकाळ झाली की सगळ्या एका कोपऱ्यात ढीग करून बसतात, तिथून एकेक उचलून आत ठेवायची. हे करायला घरात कोणीतरी हवं, ऑफिसातून उशिरा येऊन चालत नाही. नंतर शिकतात आपापल्या.

धुळीची अंघोळ मात्र कोणी न शिकवता येते. कोरडी माती, वाळू, थोडी लाकडाची राख एका पसरट खोक्यात घालून ठेव. एका कुशीवर पडून, एक पाय लांब ताणून, डोळे मिटून, पंखांनी सगळी माती अंगावर उडवून घेतात आणि मग तशाच निपचित पडून राहतात. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास "मेली!" म्हणून ओरडतो. आमच्याकडच्या पाहुण्यांपैकी कोणी चुकलेलं नाही.

बाकी पटापट. चार ठीक, तीनच्या खाली नको, एकटी तर नकोच. कोंबडा लागत नाही, अंडी त्याच्याशिवाय येतात, त्यामुळे आरवण्याचा प्रश्न नाही. अंडं घातल्यावर थोडा गाजावाजा करतात पण तेवढंच. बहुतेक ठिकाणी कोंबड्यालाच बंदी असते, माद्यांना नाही, तरी घराच्या कागदपत्रांत आणि सिटीच्या नियमांत एकदा बघून घे.

जाळी घेताना ती षटकोनी भोकांची स्वस्त जाळी घेऊ नकोस. ती कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. वेल्डेड जाळी घे आणि खाली जमिनीवर बाहेरच्या बाजूला हात-दीड हात पसरव, उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

वैशाली


प्रेषक: मोहन

वैशाली, छान लिहिलंस, पण म्हातारा माणूस म्हणून एक खोडा घालतो.

याला रेस्क्यू म्हणायचं का? तू चार आणल्यास, दुसऱ्या दिवशी त्याच जागी नव्या चार हजर. उलट फार्मवाल्याचं ओझं कमी केलंस, नाहीतर या कोंबड्यांना मांस म्हणून भावच मिळत नाही, अंगावर असतंच काय त्यांच्या. मला विचारशील तर फरक पडला तो कायद्याने. युरोपियन युनियनमध्ये साधे बॅटरी केज १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले, तोपर्यंत एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा होती, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही कमी, पंख उघडायचा विचारच सोडा. स्वित्झर्लंडने त्याच्या कितीतरी आधी बंद केले, न्यूझीलंडने २०२३ पासून. आता युरोपात "एनरिच्ड" पिंजरे आहेत, कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर, एक दांडी, अंडं घालायला आडोसा. पिंजरा तो पिंजराच, पण आधीपेक्षा बरा.

आणि फ्री-रेंजवाल्यांनी (म्हणजे मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांची अंडी घेणाऱ्यांनी) फार खूष होऊ नये, त्या कोंबड्याही साधारण त्याच वयाला काढल्या जातात आणि नर पिल्लं तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारतात, मग अंडं कुठल्याही डब्यातलं असो. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आणखी एक-दोन देशांनी, एवढंच काय ते. तेव्हा निखिल, हौस म्हणून पाळ, पण उद्योगाला धक्का दिला असं समजू नकोस.

मोहनकाका


प्रेषक: वैशाली

काका, उद्योगाला धक्का कोण म्हणतंय? तुमचं सगळं बरोबर आहे आणि तरी ज्या कोंबडीला मी उचलून आणली तिला कायद्याचं काही पडलेलं नाही, तिला उन्हात बसायला मिळतंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात की. आणि खरं सांगू का, घरी आणल्यावर अंड्यांचे डबे नुसता भाव बघून घ्यायचं आपोआप सुटतं, आमच्या शेजाऱ्यांचंही सुटलं, पोरं येऊन विचारतात ना हिची चोच अशी का म्हणून.


प्रेषक: सुधा

वैशाली, किती गं गोड! त्यांना थंडी वाजत असेल ना पिसं नसल्यावर, मी मागे फोटो पाहिले होते, लोकरीचे छोटे स्वेटर घातलेल्या कोंबड्या. माझ्याकडे भरपूर लोकर पडून आहे, चार विणून देऊ का निखिलला? माप कळव.

सुधाकाकू


प्रेषक: वैशाली

काकू, राग मानू नका पण स्वेटर नको. फोटोत भारी दिसतात पण कोंबडी दिवसभर चोचीने पिसं साफ करत असते, शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते तिथलं तेल घेऊन पिसांना लावते, ते सगळं स्वेटरमुळे बंद होतं. वर नवीन येणारी पिसं घासतात, पावसात लोकर भिजून अंगाला गार चिकटते, नखं अडकतात आणि आत उवा-माइट्सची चंगळ. त्यांच्या अंगाची उष्णता ४१ डिग्रीच्या आसपास असते, खुराडं कोरडं असलं, वारा थेट लागत नसला आणि चौघी चिकटून बसल्या की भागतं. फारच उघड्या असतील आणि कडाक्याची थंडी असेल तर हे ग्रुपवाले थंडीत कोंबड्या देतच नाहीत किंवा आधी विचारतात.


प्रेषक: चिटणीस

मंडळी, विषय मंडळाचा नसला तरी चालू द्या, वार्षिक सभेच्या मेलला आजपर्यंत एवढी उत्तरं आलेली नाहीत. फक्त सतरा-सतरा फोटो अटॅच करू नका, निम्म्या लोकांचे मेलबॉक्स भरतात. आणि सभेला येणार की नाही तेही कळवा.


प्रेषक: शिरीष

मी पण पाळल्यात, रेस्क्यूच्या. वैशालीने सगळं गोड बाजूचं लिहिलंय, कडू मी लिहितो.

दगावतात. पहिल्या आठवड्यात एखादी जाऊ शकते, प्रवासाच्या धक्क्यानेही. ज्या जगतात त्या दोन-तीन वर्षं, काही जास्त, पण साधी घरगुती जातीची कोंबडी सात-आठ वर्षं आरामात काढते तसं यांचं धरून चालू नये. बहुतेक वेळा जातात त्या अंड्यांच्या भानगडीतूनच. बिनकवचाचं अंडं आतच फुटतं, किंवा अंडं वाट चुकून पोटात जातं आणि तिथे इन्फेक्शन होतं, अंडं अडकतं, अंडाशयाचा कॅन्सर होतो (कोंबड्यांमध्ये तो इतका आपोआप होतो की माणसांच्या अंडाशयाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात कोंबड्या वापरतात). कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहायला लागली, पोट फुगून पाण्याच्या फुग्यासारखं लागलं, की समजायचं. त्यामुळे आणायच्या आधी कोंबड्या बघणारा व्हेट शोध. कुत्र्या-मांजरांचे पुष्कळ डॉक्टर सरळ नाही म्हणतात. काही देशांत हार्मोनचं इम्प्लांट बसवून काही महिने अंडी थांबवतात, शरीराला विश्रांती मिळते, पण ते दर वेळी परत बसवावं लागतं आणि स्वस्त नाही. आणि कागदोपत्री कोंबडी म्हणजे खाण्याचा प्राणी, मग तू तिचं नाव राणी ठेव की आणखी काही, त्यामुळे कुठलंही औषध दिलं की अंडी किती दिवस खायची नाहीत ते व्हेटला विचारायचं.

दुसरं, रेड माइट, म्हणजे बारीक किडे. हे दिवसा कोंबडीवर नसतातच, लाकडाच्या फटीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. दांडीच्या टोकाशी सिगारेटच्या राखेसारखी करडी भुकटी दिसली की संशय घे. रात्री टॉर्च घेऊन जा आणि पांढरा टिश्यू दांडीच्या खालच्या बाजूने फिरव, लाल रेघ उठली तर आहेत. लाकडी खुराड्यात फटी फार, प्लॅस्टिकचं धुता येतं, मी शेवटी तेच घेतलं, दिसायला भिकार आहे पण झोप लागते.

तिसरं, बर्ड फ्लू. २०२१-२२ पासून त्याचा एच-फाइव्ह-एन-वन प्रकार युरोप-अमेरिकेत परत परत येतोय, अनेक ठिकाणी सरकार कोंबड्या बंदिस्त ठेवायला सांगतं, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणून रनवर (खुराड्याबाहेरच्या जाळीच्या आवारावर) पक्कं छत हवं, खाणं-पाणी आतच, रानपक्ष्यांना पोचेल असं नको. ब्रिटनमध्ये तर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. निखिल, आपल्याकडे काय लागतं ते विचारून घे. हात साबणाने धुवायचे, पोरांनी पापे घ्यायचे नाहीत, साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जंतू) कोंबडी ठणठणीत दिसत असली तरी असू शकतो.

सुट्टीचं: ऑटोमॅटिक दार मिळतं, उजेडावर चालणारं. पण ते मोजत नाही सगळ्या आत आल्या का. रोज एक माणूस लागतोच. मंडळातल्या ज्यांनी ज्यांनी आपली अंडी खाल्लीत त्यांच्याकडे नजर टाकायची, ही एकच सिस्टिम मला चाललेली दिसली आहे.

शिरीष


प्रेषक: निखिल

बाप रे. सगळ्यांना थँक्स. घरी सगळं वाचून दाखवलं, पोरगी मधेच उठून गेली पण परत येऊन म्हणाली आणायच्याच. बायको म्हणते शिरीषदादांचा मेल तिला सगळ्यात आवडला, कोणीतरी खरं बोललं.

तर ठरलंय. आधी छत आणि जाळी, मग व्हेटला फोन, मग कोंबड्या. शेवटचे दोन प्रश्न: खायला काय, आणि आमच्या मागच्या घरवाल्यांच्या दोन जुन्या कोंबड्या आहेत, ते म्हणतायत सगळ्या एकत्रच सोडू, चालेल का?


प्रेषक: वैशाली

एकत्र लगेच नको रे! तुझ्या फार्मच्या कोंबड्यांना ढीगभर लसी टोचलेल्या असतात, त्या स्वतः आजारी न पडता रोग वाहू शकतात, त्यांच्याकडच्यांना कदाचित एकही लस नसेल. आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवायच्या, मग जाळीच्या आडून एकमेकींना बघू देत. मग सोड, शक्यतो मोकळ्या जागेत आणि दोन ठिकाणी खाणं-पाणी ठेवून. टोचाटोची होणारच, उतरंड ठरेपर्यंत कोणी गप्प बसत नाही. रक्त निघालं तर मात्र लगेच वेगळी काढ, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत सुटतात.

खायला सुरुवातीला लेयर मॅशच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य) दे, पेलेट्स (त्याच्याच दाबून केलेल्या गोळ्या) नकोत. पिंजऱ्यातल्यांना बहुतेक मॅशच मिळालेला असतो, पेलेट हे खाणं आहे हेच त्यांना कळत नाही, भांड्याशेजारी उपाशी उभ्या राहतात. मग हळूहळू पेलेट्स मिसळ. कोंबडीमागे दिवसाला १००-१३० ग्रॅम धर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, आणि बारीक खडे पण, दात नसतात ना, खड्यांनीच पोटात दळतात. अवोकाडो, कच्चे वाळलेले राजमे, हिरवा पडलेला बटाटा, चॉकलेट अजिबात नाही. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं घालणं बऱ्याच देशांत चक्क बेकायदा आहे, तेही बघ. हिवाळ्यात अंडी थांबली किंवा पिसं झडायला लागली तर घाबरू नकोस आणि अंड्यांसाठी दिवाही लावू नकोस, बसू दे त्यांना.

आणि फीडची बॅग पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात. डबा आमच्याकडे एक जास्तीचा आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.