छतावरचा व्हेंट पंखा हायवर पिकअप घेत नाही, वायरिंग कुठून तपासायचं?

भटकी_व्हॅन:
कॅम्परच्या छतावर १४ इंची व्हेंट पंखा आहे. १२ व्होल्ट डीसी, ब्रशवाली मोटर, तीन स्पीडचा रोटरी स्विच. लोवर व्यवस्थित चालतो, मीडियमवर जरा मंद वाटतो आणि हायवर टाकला तर वेग वाढतच नाही, मीडियमइतकाच राहतो.

आतापर्यंत पाहिलेलं: झाकण पूर्ण उघडं आहे, पातं हाताने मोकळं फिरतं. फ्यूज ५ अँपिअरचा, शाबूत. पंख्याला येणाऱ्या दोन्ही वायरी सुट्या करून मल्टीमीटर लावला, १२.७ व्होल्ट येतात. त्याच लाइनवर वाटेत एक एलईडी दिवा आहे, तो लख्ख जळतो, पंखा हायवर टाकला तरी मंद होत नाही. फ्यूज बॉक्सपासून पंख्यापर्यंत साधारण ७ मीटर अंतर, वायर १ चौरस मिमी. व्होल्टेज पूर्ण येतंय म्हणजे मोटरच गेली असं समजायचं का?

ओहमचा_नियम:
मोटर इतक्यात मागवू नका. १२.७ हे रीडिंग वायरी सुट्या असतानाचं आहे, म्हणजे लोड शून्य. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो जवळजवळ करंट घेतच नाही. जोडातल्या वीस तारांपैकी एक तार टेकलेली असली तरी मीटर १२.७ दाखवणार. करंट वाहायला लागला की मगच खराब जोड आपलं व्होल्टेज खातो. सुट्या वायरीवर मोजून ‘सप्लाय ओके’ म्हणणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे, चांगल्या मोटरी त्यापायीच बदलल्या जातात.

पंखा जोडून हायवर चालू ठेवा आणि चार रीडिंग घ्या:

१. बॅटरीच्या दोन टोकांत.
२. पंख्याच्या आत, वायरी जिथे येतात त्या दोन टोकांत.
३. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा पंख्याच्या पॉझिटिव्हवर.
४. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा पंख्याच्या निगेटिव्हवर.

मीटरची वायर पोचणार नाही, म्हणून एक लांब वायर जोडून घ्या. तिची जाडी कितीही चालेल, मीटरला करंटच लागत नाही. तिसरं आणि चौथं रीडिंग म्हणजे त्या त्या बाजूला वाटेत गळालेलं व्होल्टेज. २, ३ आणि ४ यांची बेरीज पहिल्या आकड्याइतकी यायलाच हवी. आली नाही तर प्रोब नीट टेकलेला नाही.

मोजताना चार्जर किंवा कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) बंद ठेवा, नाहीतर बॅटरीचं व्होल्टेज मधेच १३.६ वर जाईल आणि आकड्यांचा मेळ बसणार नाही.

पाना_पक्कड:
तुमच्या दिव्यानेच अर्धं उत्तर दिलंय. पंखा हायवर असताना दिवा मंद होत नाही, याचा अर्थ फ्यूजपासून दिव्याच्या फाट्यापर्यंतचा रस्ता बहुधा चांगला आहे आणि लोचा फाट्यापुढे आहे. ‘बहुधा’ एवढ्यासाठी, की पुष्कळ एलईडी दिव्यांत रेग्युलेटर असतो, ते १० व्होल्टवरही तितकेच उजळ दिसतात. म्हणून डोळ्यावर भरवसा न ठेवता दिव्याच्या टोकांतही एक रीडिंग घ्या.

मीटरच्या भानगडीत पडायचं नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब पंख्याच्या सुट्या वायरींना लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. पांढरा लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मग स्विच आणि मोटर बघा. पिवळसर मिणमिणला तर वायरिंगमध्येच घोळ. एलईडी बल्ब मात्र या कामाचा नाही.

भटकी_व्हॅन:
पंखा हायवर ठेवून मोजलं, चार्जर बंद होता:
बॅटरी १२.६
पंख्याच्या टोकांत ८.६
पॉझिटिव्ह बाजू ०.४
निगेटिव्ह बाजू ३.६
दिव्याच्या निगेटिव्हपासून पंख्याच्या निगेटिव्हपर्यंत ३.४
करंट २ अँपिअर, मीटर फ्यूजच्या जागी लावून.

बेरीज जुळते. एक शंका: छताच्या पत्र्याला स्क्रू मारून पंख्याचं निगेटिव्ह तिथेच दिलं तर काम लवकर होईल ना?

ओहमचा_नियम:
आता सगळं उघड आहे. ३.६ पैकी ३.४ व्होल्ट दिवा ते पंखा या तुकड्यातच जातात. २ अँपिअरला ३.४ व्होल्ट म्हणजे १.७ ओहम. १ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे ०.०१७५ ओहम, तेव्हा वायरमुळे इतका रोध यायला जवळपास शंभर मीटर वायर लागली असती. ही वायर नव्हे, जोड आहे. आणि ३.४ गुणिले २ म्हणजे पावणेसात वॉट उष्णता त्या एका जोडात निघतेय. पंखा दहा मिनिटं हायवर चालवून छताच्या पॅनलवर हात फिरवा, जोड कोमट लागेल. लोवर करंट कमी, त्यामुळे गळतीही कमी, म्हणून तिथे तक्रार नव्हती.

फ्यूज का उडाला नाही हाही प्रश्न येईल. खराब जोडाने करंट वाढत नाही, उलट कमी होतो. फ्यूज शॉर्टपासून वाचवतो, तापणाऱ्या जोडापासून नाही. म्हणून ‘चालतोय तर चालू दे’ असं सोडू नका.

पत्र्याला निगेटिव्ह नको. छत फायबरचं असेल तर प्रश्नच मिटला. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचा स्क्रू मारला तर ओलाव्यात तिथे पांढरी भुकटी धरते आणि काही महिन्यांत हाच रोग परत. शिवाय छतात आणखी एक भोक.

पाना_पक्कड:
काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. बाहेरची वीज जोडलेली असेल तर कन्व्हर्टर बॅटरीशिवायही लाइन जिवंत ठेवतो. सोलर असेल तर आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी. उलट केलं तर काही कंट्रोलर बिघडतात.

मग दिव्यापाशी आणि पंख्याच्या आतल्या फ्रेमपाशी उघडून बघा. दोनांपैकी एक सापडेल: पिळून टोपी बसवलेला जोड, जो प्रवासाच्या थरथरीने सैल होतो, किंवा वायर न सोलता दाबून बसवायचा प्लॅस्टिकचा टॅप. त्या टॅपची पाती अर्ध्या तारा कापते आणि उरलेल्या तारांना पुढे गंज धरतो.

तो जोड साफ करून परत वापरू नका. दोन्हीकडून वायर कापत मागे जा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळं किंवा हिरवं तांबं कितीही दाबलं तरी धरत नाही. चांगली वायर ५-७ सेंमी मागे मिळाली तर ठीक, नाहीतर तेवढा तुकडा नवा घाला. ७-८ मिमी सोला, वायरच्या जाडीला जुळणारा बट कनेक्टर (दोन टोकं समोरासमोर जोडणारी नळी) घ्या (०.५ ते १.५ चौरस मिमीसाठी लाल), रॅचेटवाल्या क्रिम्पिंग टूलने दाबा. साध्या पकडीने दाबलेला क्रिम्प दिसतो घट्ट, पण असतो ढिला. दोन्ही बाजूंनी जोरात ओढून बघा. आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा आणि वायर जोडापासून दोन बोटं अंतरावर क्लिपने बांधा. सोल्डर टाळा: सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर हालून तुटते.

जोडताना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट करू नका. तुमची मोटर फक्त उलटी फिरेल, पण इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाल्या पंख्याचं बोर्ड जळू शकतं. रंगावर जाऊ नका, काही कॅम्परमध्ये काळी वायर पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. मीटरनेच ठरवा.

भटकी_व्हॅन:
सापडलं. दिव्यामागे निळा दाबाचा टॅप होता, निगेटिव्हवर. आत दोनच तारा शिल्लक, त्याही हिरव्या, प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी झालेलं. ६ सेंमी कापून नवा तुकडा घातला, क्रिम्प आणि स्लीव्ह. आता हायवर पंख्याच्या टोकांत ११.७ व्होल्ट, करंट २.९ अँपिअर. हवा ओढल्याचा आवाजच बदलला. पॉझिटिव्ह बाजूला ०.६ जातात, निगेटिव्हला ०.३. पॉझिटिव्हवरही टॅप असेल का?

ओहमचा_नियम:
७ मीटर वायरचेच ०.३६ व्होल्ट होतात, म्हणजे पॉझिटिव्हवर पाव व्होल्ट जास्तीचा. फ्यूज होल्डर आणि वाटेतले जोड धरून तो खपण्यासारखा आहे, पण होल्डरच्या दोन टोकांत चालू पंख्यावर एकदा मोजा. तिथेच ०.१ च्या वर आलं तर पाय काळे पडलेत, होल्डर बदला. दिवा उघडलाच आहे तर पॉझिटिव्हचा टॅपही काढून टाका, एकाच हाताने दोन्ही बसवले असणार.

२.९ अँपिअरला ५ चा फ्यूज बरोबर आहे. पुढे तो उडायला लागला तर १५ चा घालू नका, मोटरचे ब्रश किंवा बेअरिंग बघा.

पाना_पक्कड:
तारा हिरव्या होत्या म्हणजे पाणी पोचतंय. पंख्याच्या फ्रेमखालची ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) आणि स्क्रूंच्या डोक्यावरचं सीलंट तपासा. बाहेरून पाण्याची धार दहा मिनिटं धरा आणि आतून दिव्याच्या भोकात कागदी रुमाल लावून बघा. रुमाल कोरडा राहिला तर ते थंडीत पत्र्याच्या आतून सुटणारं दव असेल, त्याला गोंदवाली स्लीव्ह पुरते.