मदत हवी आहे: कोहाचा एपीआय, वाचनालयाची वेबसाइट आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी

नमस्कार मंडळी, आमच्या गावात ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, कॉम्प्युटरचं काही अडलं की मला फोन येतो. कॅटलॉग कोहावर (वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर) आहे. सभासद दिवसभर देवघेवीच्या टेबलावर फोन करून विचारतात की अमुक पुस्तक आत आहे का बाहेर गेलंय, म्हणून ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या ते वेबसाइटवरच दिसू दे. कोहाला रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला त्याच्याकडून माहिती मागायची सोय) असतो एवढं वाचून कामाला लागलो आणि आता अडकलोय.

एपीआयमधला पुस्तकांच्या नोंदींचा पत्ता (पब्लिक बिब्लिओज) ब्राउझरमध्ये टाकला की ४०६ नंबरची एरर येते. टर्मिनलवर कर्ल कमांडने अ‍ॅक्सेप्ट हेडर (कुठल्या फॉर्मॅटमध्ये हवं ते सांगणारी ओळ) देऊन मागितलं तर नोंद व्यवस्थित येते, आणि तेच आमच्या पानावरून जावास्क्रिप्टने मागितलं की कन्सोलमध्ये कॉर्सची (परवानगीशिवाय दुसऱ्या साइटची माहिती पानाला वाचू न देणारा ब्राउझरचा नियम) लाल ओळ. सर्व्हर एकच, उत्तरं तीन, डोकं आउट झालंय.

शिवाय नवीन पुस्तकांच्या नोंदी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) टाकून बाहेरून ओढायच्या आहेत. ओपन लायब्ररी या ऑनलाइन कॅटलॉगच्या एपीआयला इंग्रजी पुस्तकं पटापट सापडतात, मराठीला बहुतेक वेळा ४०४, म्हणजे सापडलं नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या झेड ३९.५० वर (दुसऱ्या वाचनालयाचा कॅटलॉग शोधून नोंद ओढायची सोय) मराठी बरंच आहे (दिल्लीत त्यांचं खरेदीचं ऑफिस आहे ना) पण नाव, लेखक सगळं रोमनमध्ये, अक्षरांच्या डोक्यावर रेघा नि खाली टिंबं. आमचे ज्येष्ठ सभासद 'देशपांडे' देवनागरीत टाकणार, त्यांना काय सापडणार कप्पाळ! कोणी हे केलंय का? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
४०६ म्हणजे तुम्ही मागताय त्या फॉर्मॅटमध्ये नोंद नाहीये. ब्राउझर आपणहून एचटीएमएल मागतो, तुम्ही मार्क-इन-जेसन किंवा मार्क एक्सएमएल मागा (मार्क म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचा ठरलेला साचा). कॉर्ससाठी सिस्टीम प्रेफरन्समध्ये 'अ‍ॅक्सेस कंट्रोल अलाऊ ओरिजिन' आहे, तिथे वेबसाइटचा पत्ता टाका, नुसती चांदणी (म्हणजे कोणालाही परवानगी) टाकून मोकळे होऊ नका. पण खरं सांगू का, आत-बाहेर दाखवायला मी कोहातलीच जुनी आयएलएस-डीआय सेवा वापरली असती, तिच्यात 'गेट अव्हेलेबिलिटी' तयार आहे, एक्सएमएल देते. पानावरून थेट न मागता मधे तुमच्या सर्व्हरवर एक छोटी पीएचपी फाइल ठेवा, कोहाला तीच विचारेल, म्हणजे कॉर्सची भानगडच संपली, आणि आयएलएस-डीआयला कुठल्या आयपीवरून येऊ द्यायचं तेही ठरवता येतं. आणि हात जोडून सांगतो, स्टाफ अकाउंटचा पासवर्ड जावास्क्रिप्टमध्ये लिहू नका, 'व्ह्यू सोर्स' केलं की कोणालाही दिसतो, मग सभासदांचे पत्ते, फोन, कोणी काय नेलंय सगळं उघडं.

प्रतिसाद २
मराठी नोंदींचं दुखणं जुनं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या काही नोंदींत ८८० फील्डमध्ये (मार्कमधल्या रकान्यांना असे क्रमांक असतात) मूळ लिपी असते, ती आधी बघा. नसेल तर त्यांच्याकडून विषय, वर्गांक, पानं, साल घ्यायचं, २४५ मध्ये नाव देवनागरीत स्वतः टाइप करायचं आणि त्यांचं रोमन नाव २४६ मध्ये ढकलायचं, म्हणजे दोन्हीकडून सापडतं. लेखकाचं नाव १०० मध्ये पण देवनागरीतच ठेवा. आयएसबीएन जगभर लागू झाला १९७० च्या सुमारास आणि मराठी प्रकाशकांकडे त्याहून उशिरा पोचला, त्यामुळे जुन्या कपाटांसाठी आयएसबीएनवरून शोधणं कामाला येणार नाही, हातानेच. पण एवढं केल्यावर कोहातलं ओएआय-पीएमएच (आपल्या नोंदी दुसऱ्यांना ओढू देणारी सोय) चालू करा ना, शेजारच्या तालुक्याचं वाचनालय तुमच्याकडून ओढेल, त्यांना परत टायपिंग नको.

धागाकर्ता
४०६ गेला, मार्क-इन-जेसन येतंय. पीएचपी रविवारी बसवतो. ८८० एका पुस्तकात मिळालं, बाकीच्यांत ठणठणाट. ओएआयचं मॅडमना पटलंय पण त्या विचारतायत की दाखल क्रमांक आणि कुठली प्रत बाहेर आहे हे पण जातं का त्यातून? ते नको म्हणतात.

प्रतिसाद २
आपोआप नाही जात. ओएआयच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'इन्क्लूड आयटम्स' मुद्दाम लिहिलं तरच प्रतींची माहिती जाते. नाही लिहिलं की फक्त पुस्तकाची नोंद.