प्रतिसाद: उन्हाळी मानवाधिकार अभ्यासक्रम आणि खेड्यातली मुलं

युरोपातल्या स्ट्रासबर्ग-जिनिव्हाचे मानवाधिकारांचे उन्हाळी वर्ग पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी, आपल्याकडच्यांनी त्या नादी लागू नये, असं वरच्या लेखात लिहिलंय. खर्चाचं पटतं. कापसाच्या पैशात आधी बियाण्याची उधारी फिटते, विमानाचं तिकीट कुठून येणार? पण नाद सोडायचं कारण नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग दुर्गम भागातल्या विद्यार्थ्यांसाठी २ आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप घेतो. मी ती यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून, मोबाइलवर केली. घरात रेंज नाही म्हणून शाळेमागच्या कडुनिंबाखाली बसायचो, डोक्याला ओला दुपट्टा. दुपारी फोन तापून बंद पडायचा, मग बाकीचं मित्राच्या वहीतून उतरवून घ्यायचं.

त्याच नादात युद्धातल्या जखमी, कैदी आणि नागरिकांच्या रक्षणासाठीचे १९४९ चे जिनिव्हा करार आणि त्यांच्यासाठी आपल्या संसदेने केलेला १९६० चा कायदा वाचला. त्याचं कलम १२ सांगतं की पांढऱ्यावरचा लाल क्रॉस केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. ती खूण युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांच्या रक्षणासाठी आहे, दवाखान्याची जाहिरात नव्हे. आणि आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर तर दर दुसऱ्या मेडिकलवर तीच! एका मेडिकलवाल्या काकांना कलम वाचून दाखवलं. त्यांनी दिवाळीच्या रंगकामात क्रॉस हिरवा करून घेतला. युद्धाचा कायदा मला पहिल्यांदा कळला तो त्या पाटीपाशी. आणि हो, आयोगाच्या इंटर्नशिपच्या अर्जाला कॉलेजचं शिफारसपत्र लागतं, ते सुट्ट्या लागायच्या आधीच घेऊन ठेवा.