मदत हवी आहे: बाबांच्या ऑपरेशनआधी ‘संशोधनासाठी नमुना’ या फॉर्मवर सही करावी का?

धागाकर्ता: दारव्हेकर

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. बाबांना डाव्या गालाच्या आत, हिरडीला लागून जखम होती. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खायची सवय जुनी. तोंड आल्यासारखं वाटतंय म्हणून जखमेवर मलम लावत राहिले, शेवटी घास घेता येईना तेव्हा गावाजवळ बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सर आला. आता नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलंय, नंतर बहुतेक रेडिएशन.

तिथे दोन कागद दिले. एक ऑपरेशनच्या संमतीचा, तो कळला. दुसऱ्यात लिहिलंय की काढलेल्या गाठीचा उरलेला भाग आणि थोडं रक्त संशोधनासाठी साठवून ठेवतील. काकांचं म्हणणं, “सही करू नका, गरिबावर प्रयोग करतात.” बाबांचा प्रश्न सरळ आहे: “माह्या गालाचा तुकडा त्याइले काह्याले पाह्यजे?” मला उत्तर देता आलं नाही.

सही नाही केली तर ऑपरेशन लांबवतील का? जास्त गाल कापतील का? आणि गाठ गालात असताना रक्त कशाला? शिवाय बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड आणायला सांगितलंय, पण ती लॅब म्हणते “रिपोर्ट दिला ना, ब्लॉक देत नसतो.” काय करू?

वर्धेची ताई

आधी ब्लॉकचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मलीन या रसायनात ठेवतात, मग मेणात बसवतात, तोच ब्लॉक. त्यातून ३ ते ५ मायक्रॉनचे काप काढून काचेवर घेतात, त्या स्लाइड. नवीन हॉस्पिटल उपचार सुरू करण्याआधी स्वतःच्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा बघून घेतं, रिपोर्टच्या कागदावर भागत नाही. हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. तोंडी मागितलं की “देत नसतो” हेच ऐकायला मिळतं. आणि भाऊ, ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साधारण ६० अंशाला वितळतं, आपल्या मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते सांगायला नको.

जास्त गाल कापण्याचं मनातून काढा. किती काढायचं हे गाठ आणि तिच्या भोवतीची निरोगी कड बघून सर्जन ठरवतो. काढलेला भाग पॅथॉलॉजीत येतो, कडांना शाई लावून तपासतात. रिपोर्टला लागणारं सगळं आधी बाजूला, उरलं तर संशोधनाला. घाई मात्र असते. फॉर्मलीनमध्ये पेशींचा आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते दाखवणारा रेणू) खराब होतो, म्हणून ताजा तुकडा लगेच उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये किंवा द्रव नायट्रोजनमध्ये टाकावा लागतो. ऑपरेशनआधीच सही मागतात ती त्यामुळे.

खारघरवासी

रक्ताचं सांगतो. गाठीतल्या डीएनएमध्ये बदल दिसला, तर तो जन्मापासूनचा की कॅन्सरने केलेला, हे त्याच माणसाच्या रक्ताशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. खारघरचं टाटांचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी हिरडी आणि गालाच्या कॅन्सरवर असंच काम केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. टीपी५३ सारखी ओळखीची जनुकं सापडलीच, पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवीनही. हा आजार तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांचा. युरोप-अमेरिकेत त्याचे पेशंट कमी, त्यामुळे नमुने आपल्याकडूनच मिळणार.

याचा उपयोग वॉर्डात कसा पोचतो? लॅबमध्ये दिसलं होतं की निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं) औषध अगदी कमी डोसमध्येही टी-पेशी या लढणाऱ्या पेशींवरच्या पीडी-१ नावाच्या ‘ब्रेक’ला चिकटून बसतं. मग टाटा हॉस्पिटलने पुढच्या टप्प्यातल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० असतो. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, औषध जोडल्यावर ४३.४. तुमच्या बाबांना हे औषध लागेलच असं नाही, ऑपरेशन होतंय म्हणजे टप्पा वेगळा.

शंकासुर

काकांना वेड्यात काढू नका. नमुना साठवणं आणि नवीन औषधाच्या चाचणीत नाव घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म कोणता ते आधी बघा. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक विचारा, २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. साठवणीचा असेल तर तीन ओळी शोधा: जनुकांची तपासणी होणार का, नमुना बाहेर कोणाला देणार का, नंतर नको म्हटलं तर परत घेता येतं का. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्याची मालकी तो देणाऱ्या माणसाचीच, नमुने साठवणारी बँक फक्त सांभाळणारी. नकार दिल्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठी मागा. आणि सही बाबांची, तुमची नाही.

दारव्हेकर

मनापासून आभार सगळ्यांचे. बाबांना ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, तर म्हणाले, “मंग हे तं माती परीक्षणावानीच झालं.”

शंकासुर

माती परीक्षणाचा रिपोर्ट शेतकऱ्याला मिळतो. इथे तुमचा रिपोर्ट तुम्हाला मिळेलच असं नाही, तेही विचारून ठेवा. फायदा झालाच तर बहुधा पुढच्या पेशंटला होतो, हे बाबांना आधीच सांगा, नंतर मनात राहायला नको.

दारव्हेकर

अपडेट: मराठी फॉर्म मिळाला. त्यात वेगवेगळ्या चौकटी होत्या. बाबांनी तुकडा आणि रक्ताला हो म्हटलं, बाहेरच्या कंपनीला देण्याला नाही. त्यांचा रिपोर्ट कळवणार नाहीत हेही कोऑर्डिनेटर मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ब्लॉक अर्जावर मिळाला. तो तपासून झाल्यावर परत मागायचा का?

वर्धेची ताई

हो, मागा, आणि जपून ठेवा. पुढे कधी एखादी तपासणी लागली तर त्यातूनच होईल, पुन्हा बायोप्सी लागणार नाही. आणि रेडिएशनच्या आधी बाबांचे दात दाखवून घ्या. काढायचे असतील तर आधीच काढलेले बरे, नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.