फक्त ऊस म्हणजे बेळगाव जिल्हा नव्हे

काही जण म्हणतात की बेळगाव जिल्हा म्हणजे ऊस आन साखर कारखाने, बाकी काय नाही. चिकोडी-रायबागकडं बघितलं तर तसंच वाटणार म्हणा, कृष्णेकाठचा पट्टा तो. पण खानापूरकडं या की राव, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, भात आन जंगल, आन पोरं मात्र कामाला चोर्ला घाट उतरून गोव्यात. तिकडं अथणीचा पूर्व भाग कोरडा, ढग नुसतेच वरनं जातात. तिथली चप्पल बघा, बाभळीची साल आन हिरडा घालून कातडं कमवायचं, हातानं शिवायचं, आन दुकानात नाव काय तर कोल्हापुरी! २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळाला त्यात बेळगाव जिल्हाबी आहे, हे किती जणांना ठाऊक? निपाणीत तंबाखू. वखारीत बायका दिवसभर त्या खाटात, म्हणजे तंबाखूच्या झोंबणाऱ्या धुळीत, बसतात, नाकाला पदर लावून. तंबाखूच्या दरासाठी १९८१ ला शेतकरी नेते शरद जोशींबरोबर शेतकरी हायवेवर बसलेले ते हितंच, गोळीबार झाला. बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावच्या मागांचं तर कुणी नावच काढलं नाही, साड्या विणणारी घरं आहेत तिथं.