मदत हवी आहे: घरच्या गाडीसाठी बॅटरीवरची इम्पॅक्ट गन किती ताकदीची घ्यावी?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात कासारवडवलीला राहतो. गाडी २०१३ ची वॅगन-आर. ऑइल बदलणं, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामं गेली काही वर्षं सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मीच करतो. आता सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि लोअर आर्म बदलायचे आहेत. घोडबंदर रोडने रोजची ये-जा, त्यात गायमुखचा घाट. खालून खडखड वाढतच चालली आहे.

अडलंय ते नट सुटण्यापाशी. मध्यंतरी टायर बदलले तेव्हा दुकानात हवेच्या गनने नट मनसोक्त आवळले. मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटाला ८५ न्यूटन-मीटर (आवळायच्या पिळाचं माप, म्हणजे टॉर्क) दिलंय. परवा चाकं काढायला गेलो तर अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर पूर्ण वजन टाकूनही दोन नट जागचे हलेनात. माझं वजन ७० किलो, म्हणजे ७० गुणिले ९.८ गुणिले ०.५, साधारण ३४० न्यूटन-मीटर. सांगितलंय त्याच्या चौपट! ही गाडी बायकोही चालवते. रात्री हायवेवर पंक्चर झालं असतं तर डिकीतल्या एवढ्याशा पान्याने तिने काय केलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही, त्यामुळे वायरवाली गन बाद. कॉम्प्रेसरचा तर प्रश्नच नाही. घरी बॉशचं १८ व्होल्टचं ड्रिल आहे, सोबत २ एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) दोन बॅटऱ्या. म्हणून बॉशची जीडीएस १८व्ही-४०० नुसती, बॅटरी-चार्जरशिवाय घ्यावी असं मनात आहे. तिची ताकद ४०० न्यूटन-मीटर. दुसरा पर्याय मकिताची डीटीडब्ल्यू३००. ती आवळताना ३३० आणि सोडवताना ५८० असं कंपनी लिहिते, पण मग बॅटरी-चार्जरपासून सगळं नवीन आलं. ऑनलाइन ‘३८८ व्हीएफ’ वगैरे लिहिलेल्या गन याच्या कितीतरी कमी पैशांत दिसतात.

माझे ३४० पाहता ४०० वाली पुरेल का? आकडे असे सरळ एकमेकांसमोर ठेवता येतात का, हेच कळत नाहीये. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

त्या ‘व्हीएफ’च्या नादी लागू नका. ते व्होल्ट नव्हेत. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा, पाचांचे झाले २१. बाकी सगळा स्टिकर. नावाजलेल्या कंपन्यांचे १८ आणि २० व्होल्टही एकच: सेलचे ३.६ धरले तर १८, ४ धरले तर २०.

प्रतिसाद २

मी तुर्भे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, राहायला कोपरखैरण्यात. इम्पॅक्ट गन रोज हातात असते म्हणून सविस्तर लिहितो.

दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो सावकाश दिलेल्या जोराचा आहे. गन तसा जोर लावत नाही. आतला हातोडा मिनिटाला हजारो ठोके देतो. गंजाने धरलेला नट एकसारख्या दाबापेक्षा ठोक्यांनी लवकर सुटतो, कारण आट्यांमधली पकड हादऱ्याने मोडते. म्हणून ४०० ची गन तुमचे नट बहुतेक काढेल. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे नुसतं जास्त आवळल्याने नट अडकलेत असं मला वाटत नाही, आत गंजही असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पण खोक्यावरचा आकडा पूर्ण चार्ज बॅटरी आणि छोटी गोटी (सॉकेट) लावून मिळतो. मध्ये लांब एक्स्टेंशन टाकलं, थ्री-एटचा (३/८ इंची) अॅडॉप्टर टाकला, की प्रत्येक जोडात ठोका थोडा थोडा मरतो. चारशेतले नटापर्यंत किती पोचतात हे तुम्ही मध्ये काय काय लावता त्यावर आहे. टोकाला अर्धा इंची चौकोन असलेली गन आणि थेट अर्धा इंची गोटी, एवढंच ठेवा.

तुमच्या २ एएचच्या बॅटऱ्यांबद्दल मात्र शंका आहे. त्यात पाच छोट्या सेलची एकच ओळ असते. ड्रिलला ती पुरते, पण गन एकदम जास्त करंट ओढते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं आणि ताकद पडते. बॉशची ४ एएचची प्रोकोअर बॅटरी मोठ्या सेलची असते. चार्जर आहेच तुमच्याकडे, तेव्हा तेवढी एक घ्या. कंपनी बदलू नका.

गोट्या काळ्या, इम्पॅक्टसाठीच्याच, क्रोम-मॉलिब्डेनमच्या घ्या. हाताच्या पान्याच्या चकचकीत क्रोम-व्हॅनेडियम गोट्या कडक असतात, ठोक्याने तडकतात आणि तुकडा उडतो. चष्म्याशिवाय गन चालवूच नका.

आणि कळकळीने सांगतो: आवळायला गन नको. टायरवाल्याने तुमचं जे केलं तेच तुम्ही घरी कराल. नट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग समोरासमोरचे क्रमाने टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना) ८५ वर. पन्नासेक किलोमीटर गाडी चालली की पुन्हा तपासा. गन आणि टॉर्क रेंच यांतलं एकच आधी परवडणार असेल तर टॉर्क रेंच घ्या. अडलेल्या नटाला तोवर लांब ब्रेकर बार (नट सोडवायचा लांब दांडा) आहे.

प्रतिसाद ३

+१. स्पार्क प्लग आणि ऑइलच्या ड्रेन प्लगला गन लावायची नाही हेही लिहून ठेवा. आटे गेले की खर्च गनच्या वर जातो.

प्रतिसाद ४

खारघरहून. आवाजाचा विचार करा. शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि स्टिल्टमध्ये घुमतो. आमच्याकडे दुपारी दोन ते चार कोणी काही ठोकत नाही, वॉचमनला आधी सांगून ठेवतो. कानात प्लग घाला.

गोट्या आणि टॉर्क रेंच हातात घेऊन बघायचे असतील तर मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. बॅटरी मात्र अधिकृत डीलरकडूनच, बिलासकट. नकली फार आहेत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. जीडीएस १८व्ही-४००, ४ एएचची एक बॅटरी, १९ ची काळी गोटी आणि टॉर्क रेंच, असं ठरवतो. टॉर्क रेंच या आठवड्यातच आणतो, गन पगार झाल्यावर. तुर्भेवाले दादा, लोअर आर्मच्या बोल्टला गन चालेल ना?

प्रतिसाद २

सोडवायला चालेल. लिंक रॉडचा नट गनने फिरवताना आतला स्टडही (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) सोबत फिरायला लागतो. तसं झालं तर स्टडच्या टोकाला अॅलन की (षटकोनी किल्ली) धरा आणि पान्याने काढा.

लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी जमिनीवर, तिचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचा टॉर्क द्या. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि लवकर फाटतो. गाडीखाली शिरताना जॅक स्टँड हवेतच, डिकीतल्या जॅकवर भरवसा नको. काम काढाल त्या दिवशी फोटो टाका, बुश कसे बसलेत ते बघून सांगतो.